बर्फातले मैदान कोण राखते?

थंड देशांतल्या हिवाळ्याचा विषय निघाला की आपला पहिला प्रश्न तापमानाचा असतो. उणे वीस होते का, उणे तीस? पण तिथली माणसे चार-पाच महिने घरात कोंडली जातात ती एकट्या थंडीमुळे नाही. दुपारीच पडणारा अंधार, पाय घसरवणारी वाट, अंगात शिरणारा वारा, वाढत्या मुलांसाठी दरवर्षी नव्याने घ्यावे लागणारे बूट आणि कोट, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. कॅनडातल्या एडमंटन शहरात डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस साडेसात तासांचा असतो. उत्तर फिनलंडमधल्या ओउलूत तो साडेतीन तासांच्या आसपास असतो. मुंबईत तोच दिवस जवळपास अकरा तासांचा भरतो. ओउलूतले मूल शाळेला निघते तेव्हा काळोख असतो आणि घरी परतते तेव्हाही काळोखच.

तरीही ओउलूतली मुले भर हिवाळ्यात सायकलने शाळेत जातात, ऑटवातले लोक गोठलेल्या कालव्यावरून स्केटिंग करत कामावर पोचतात आणि लेहमधली पोरे तळ्यावर आइस हॉकी खेळतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांतले असे अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्यांच्यातला समान धागा दिसतो. ही माणसे जन्मतः काटक असतात असे नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी पहाटे वाट मोकळी करते, दिवे लावते, बर्फ राखते आणि ज्याच्याकडे साधन नाही त्याला ते देते. हिवाळ्यातला मैदानी खेळ हवामानापेक्षा देखभालीवर अवलंबून असतो. या लेखात तो धागा धरून निरनिराळ्या देशांतल्या प्रयत्नांचा आढावा घेतला आहे.

घरात कोंडल्याची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल हवी. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. संघटनेच्याच २०१६ सालच्या आकडेवारीप्रमाणे जगातली ८१ टक्के किशोरवयीन मुले या किमान मर्यादेपर्यंत पोचत नव्हती. थंड प्रदेशांत हिवाळ्यात ही तूट आणखी वाढते. कॅनडाने २०१६ मध्ये मुलांसाठी चोवीस तासांचा एकत्रित विचार मांडला. रोज तासभर जोरकस हालचाल, ५ ते १३ वयाच्या मुलांना ९ ते ११ तास झोप आणि करमणुकीसाठी पडद्यासमोर जास्तीत जास्त दोन तास, असे त्याचे सूत्र आहे. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. दिवसाचे तास ठरलेले असतात. बाहेरचा तास गेला की तो बहुतेक वेळा पडद्याकडे जातो, आणि मग झोपही बिघडते.

डोळ्यांचा मुद्दा याहून कमी लोकांना माहीत असतो. लहान वयात घराबाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये जवळचे स्पष्ट आणि लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उद्भवतो. म्हणून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. हिवाळ्यातल्या ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. वर्गात तो काहीशे लक्स असतो, बाहेर काही हजार. म्हणजे दिवस लहान असतो तेव्हा मधल्या सुट्टीत बाहेर घालवलेल्या पंधरा मिनिटांचे मोल वाढते.

वाऱ्याशी सामना

बाहेर जायचे म्हणजे थंडीला कमी लेखायचे असे मात्र नाही. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे ३३ अंशांइतकी थंडी जाणवते. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार जाणवणारी थंडी उणे २८ ते उणे ३९ च्या दरम्यान असली की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. म्हणून तिथल्या शाळा थर्मामीटरबरोबर वाऱ्याचा हिशेब पाहूनच मुलांना बाहेर सोडायचे की नाही हे ठरवतात.

हाच हिशेब शहराच्या रचनेलाही लागू पडतो. सभोवतालचे तापमान कुणाला बदलता येत नाही, वारा मात्र अडवता येतो. एडमंटनच्या नगरपरिषदेने २०१२ मध्ये हिवाळ्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि २०१६ मध्ये त्याला जोडून रचनेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. वारा अडवा, ऊन येऊ द्या, रंग वापरा, प्रकाशाची नीट योजना करा आणि हिवाळ्यातल्या वापराला लागणाऱ्या सोयी उभ्या करा, असा त्यांचा गाभा आहे. बाक दक्षिणेकडे तोंड करून ठेवला आणि त्याच्या मागे सूचिपर्णी झाडांची रांग लावली तर दुपारच्या उन्हात तिथे माणसे थांबतात. तोच बाक उंच इमारतीच्या उत्तरेकडच्या सावलीत ठेवला तर पाच महिने ओस पडतो. दोन्हींचा खर्च सारखाच. फरक असतो नकाशा काढताना जानेवारी डोळ्यांसमोर होता की जून, एवढाच.

वस्तीची रिंक

हिवाळी खेळाचा सर्वांत मजबूत पाया मोठ्या क्रीडासंकुलांत सापडत नाही. तो वस्तीत असतो. एडमंटनमध्ये १९१७ साली रहिवाशांची पहिली 'कम्युनिटी लीग' स्थापन झाली. आज अशा लीग दीडशेहून अधिक आहेत. आपल्याकडच्या सार्वजनिक मंडळांसारखीच ही रहिवाशांनी चालवलेली संस्था असते. तिच्याकडे बहुधा एक सभागृह, थोडी मोकळी जागा आणि अनेक ठिकाणी हिवाळ्यात पाणी सोडून तयार केलेली स्केटिंगची रिंक असते.

ही रिंक बनवणे हे कौशल्याचे आणि चिकाटीचे काम आहे. आधी पडलेला बर्फ तुडवून घट्ट करायचा, मग पारा चांगला खाली गेला की रात्री पाण्याचा पातळ थर सोडायचा. तो पूर्ण गोठला की दुसरा, मग तिसरा. घाईने एकदम जास्त पाणी सोडले तर वरचा पापुद्रा गोठतो, खाली पोकळी राहते आणि स्केटच्या पात्याखाली तो फुटतो. बर्फ पडला की फावड्याने झाडायचा, भेगा भरायच्या, परत पाणी मारायचे. थंडीच्या रात्री हातात पाण्याचा पाइप धरून उभे राहणारे हे स्वयंसेवक एखाद्या क्रीडामंत्रालयाइतके महत्त्वाचे काम करत असतात, असे मला मनापासून वाटते.

रिंकच्या बाजूची उबदार खोलीही तितकीच मोलाची. लहान मुलाच्या स्केट्सच्या नाड्या बांधायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ आईबाबांची बोटे उघडी असतात. बाक, रबरी जमीन, शौचालय आणि थोडी ऊब असली की कुटुंब दीड-दोन तास रमते. नसली की पंधरा मिनिटांत घरी परतते.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. मोकळ्या रिंकचा ताबा हॉकी खेळणारी मोठी मुले सहज घेतात. मग नवशिक्या मुली, चिमुरडी मुले आणि पन्नाशीत पहिल्यांदा स्केट्स घालणारी माणसे कडेला उभी राहतात. यावर सोपे उपाय आहेत: हॉकीसाठी आणि साध्या स्केटिंगसाठी वेगळ्या वेळा, शक्य असल्यास शेजारी दुसरी छोटी रिंक, आणि नियम सांगायला हजर असलेला एक जबाबदार माणूस. खुल्या जागेत सगळ्यांना जागा मिळेल अशी तजवीज करावी लागते, ती आपोआप होत नाही.

शहराचा ऋतू

वस्तीचे काम शहराने हाती घेतले की काय होते याचे उत्तम उदाहरण ऑटवातल्या रिडो कालव्याचे आहे. १९७१ च्या जानेवारीत राष्ट्रीय राजधानी आयोगाच्या कामगारांनी झाडू आणि फावडी घेऊन गोठलेल्या कालव्याचा एक अरुंद पट्टा साफ केला. लोकांनी तिथे गर्दी केली. आज तो मार्ग ७.८ किलोमीटरचा आहे आणि त्यावर प्रवेशशुल्क नाही. बर्फ किमान ३० सेंटिमीटर जाड आणि चांगल्या प्रतीचा असल्याशिवाय तो उघडत नाहीत. रात्री पाणी मारणे, भेगा बुजवणे, जाडी मोजणे हे काम हंगामभर चालते.

विनिपेगमध्ये दोन नद्यांच्या संगमाजवळ असाच मार्ग आखला जातो. तिथे २०१० च्या सुमारास गोठलेल्या नदीवर उबदार थांबे उभारण्याची वास्तुस्पर्धा सुरू झाली. जगभरचे वास्तुविशारद तिच्यात भाग घेतात आणि फ्रँक गेरी यांच्यासारख्या नामवंतानेही तिथे एक थांबा रचला. वाऱ्यापासून दोन मिनिटे आडोसा मिळाला की माणूस पुढचा किलोमीटर चालतो, हा साधा विचार त्यामागे आहे. स्पर्धेमुळे तो आडोसाच बघायला जाण्याचे ठिकाण झाला.

जपानमधल्या सप्पोरोचा हिमोत्सव आज जगप्रसिद्ध आहे. त्याची सुरुवात १९५० साली ओदोरी उद्यानात शाळकरी विद्यार्थ्यांनी केलेल्या सहा बर्फशिल्पांनी झाली. याच सप्पोरोने १९८२ मध्ये थंड प्रदेशांतल्या शहरांना एकत्र बोलावले आणि त्यातून महापौरांची जागतिक संघटना उभी राहिली. उत्सवांनी हिवाळ्याविषयीची मरगळ जाते, ओळखी होतात, शहराला अभिमान वाटतो. पण उत्सव आठ-दहा दिवसांचा असतो. उरलेल्या शंभर दिवसांची सोय उत्सवाच्या खर्चातून होत नाही, आणि शहरांनी दोन्ही खाती वेगळी ठेवायला हवीत.

ओउलूने निवडलेला रस्ता कमी झगमगता आणि म्हणूनच अधिक अनुकरणीय आहे. दोन लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या शहरात नऊशेहून अधिक किलोमीटरचे सायकल आणि पायी मार्ग आहेत. शाळा-कचेऱ्या सुरू होण्याआधी मुख्य मार्गांवरचा बर्फ हटवला जातो, घट्ट दाबला जातो आणि त्यावर खडी पसरतात. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद इथेच भरली. इथल्या मुलाला रोजचा व्यायाम शाळेच्या वाटेवरच मिळतो, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

बर्फ कुठला आधी हटवायचा हा प्रश्न दिसायला किरकोळ, परिणामांत मोठा. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा नगरपालिकेने आपल्या कामाचा क्रम तपासला तेव्हा लक्षात आले की मोटारींचे मोठे रस्ते आधी साफ होतात आणि पदपथ शेवटी. पायी आणि बसने जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक, आणि बर्फावर घसरून जखमी होणाऱ्यांत पादचारी मोठ्या संख्येने. नगरपालिकेने पाळणाघरांकडे जाणारे रस्ते, पदपथ आणि बसथांबे आधी घ्यायला सुरुवात केली. म्हातारी माणसे हिवाळ्यात घराबाहेर का पडत नाहीत याचे पहिले उत्तर पडण्याची भीती हेच असते. त्यांच्यासाठी खडी टाकलेला पदपथ हीच व्यायामशाळा.

शाळेची मधली सुट्टी

मुलांपर्यंत पोचण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग शाळेतून जातो, कारण तिथे गरीब-श्रीमंत सगळीच मुले असतात. फिनलंडच्या शाळांत ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटांची सुट्टी देण्याची जुनी प्रथा आहे आणि हिवाळ्यातही लहान मुले ती अंगणात घालवतात. २०१० पासून तिथे शाळेचा सगळा दिवस हालचालीचा करण्याचा कार्यक्रम राबवला गेला. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या बालवाड्यांत रोज बाहेर जाणे हा दिनक्रमाचा भाग असतो, आणि तान्ही बाळे बाबागाडीत गुंडाळून उघड्यावर झोपवली जातात. स्वीडनमध्ये १९८५ पासून पाऊस-पाण्यात, बर्फात दिवसाचा मोठा भाग बाहेरच चालणाऱ्या बालवाड्यांची वेगळी परंपरा तयार झाली आहे.

या सगळ्यामागे शिक्षकांची न दिसणारी मेहनत असते. वीस मुलांना कोट, मोजे, बूट, टोपी चढवायची आणि परत उतरवायची. ओले हातमोजे वाळवायला कपाट लागते, खुंट्या लागतात, थोडी जास्तीची माणसे लागतात. कार्यक्रम जाहीर करताना हे कपाट आणि ही माणसे अंदाजपत्रकात नसली तर दोन आठवड्यांत मुले वर्गात बसवली जातात.

कपडे आणि साधने

हिवाळी खेळातली विषमता कपड्यांपासून सुरू होते. अंगालगतचा, घाम त्वचेपासून दूर नेणारा थर, मधला उबेचा आणि वरचा वारा अडवणारा असे तीन थर, शिवाय पाणी न शिरणारे बूट, कानटोपी, हातमोजे. मूल दरवर्षी वाढते आणि सगळे पुन्हा घ्यावे लागते. त्यात स्केट्स, हेल्मेट, स्की यांची भर.

स्वीडनने यावर काढलेला तोडगा मला या आढाव्यातला सर्वांत शहाणा वाटतो. २०१३ मध्ये वेर्मलांड प्रांतातल्या देये या छोट्या गावात 'फ्रीतीड्सबांकेन' सुरू झाली. लोकांनी वापरून झालेली खेळाची साधने तिथे द्यायची आणि ज्याला हवीत त्याने ती १४ दिवसांसाठी फुकट न्यायची. उत्पन्नाचा दाखला नाही, वर्गणी नाही. ग्रंथालयासारख्या या केंद्रांची संख्या पुढे शंभराच्या वर गेली. नॉर्वेत २०१४ पासून 'बुआ' ही संस्था याच धर्तीवर साधने उसनी देते. सर्वांना एकाच खिडकीतून साधन मिळते, त्यामुळे गरीब घरातल्या मुलावर मदत घेतल्याचा शिक्का बसत नाही.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो. पुण्या-नागपुरातून टोरांटो किंवा ऑस्लोला गेलेल्या घरात पहिला हिवाळा बहुधा खिडकीतून बघितला जातो. कोणता कोट पुरतो, मुलाला उणे दहात बाहेर पाठवावे का, घसरले तर काय, हे सांगणारे शेजारी अजून ओळखीचे झालेले नसतात. नातवंडांसाठी गेलेले आजी-आजोबा तर महिनोन्‌महिने सदनिकेत अडकून पडतात. अशा घरांपर्यंत पोचायला पत्रके पुरत नाहीत. आपल्या भाषेत बोलणारे कुणीतरी सोबत येऊन पहिले स्केट्स बांधून देते तेव्हा दार उघडते. गणेशोत्सव आणि दिवाळी उत्साहाने साजरी करणाऱ्या तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी जानेवारीतली एक सामूहिक सहलही तितक्याच आपुलकीने भरवावी.

थोडी जोखीम हवीच

२०१५ मध्ये कॅनडातल्या तज्ज्ञांनी सक्रिय मैदानी खेळाविषयी एक एकत्रित भूमिका मांडली. निसर्गात आणि बाहेर, तिथल्या जोखमींसह, खेळायला मिळणे मुलांच्या निकोप वाढीसाठी अत्यावश्यक आहे, असे तिचे सार होते. २०२४ मध्ये कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही धाडसी खेळाच्या बाजूने निवेदन काढले. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटो महापालिकेने मात्र ४५ टेकड्यांवर घसरगाडी खेळायला मनाई केली आणि पालकांत मोठी नाराजी पसरली.

झाड, दगड, रस्ता किंवा पाणी यांच्याकडे उतरणारी टेकडी खरोखर घातक असते आणि ती बंद करणे योग्यच. पण प्रत्येक बंद टेकडीमागे एक सुरक्षित टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर तयार करून द्यायला हवी. पायथ्याशी मोकळी धाव ठेवता येते, खांबांना गवताचे भारे बांधता येतात, चढायची वाट वेगळी करता येते. नदीतळ्यावरच्या बर्फाबाबत मात्र तडजोड नको. जाडी मोजल्याशिवाय त्यावर पाऊल नको.

लडाखची तळी

आपल्या देशात या विषयाचे सर्वांत जिवंत उदाहरण लडाखमध्ये आहे. चादर ट्रेकसाठी जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सना जानेवारीतले लेह ओळखीचे असते. पर्यटकांचा हंगाम संपल्यावर साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या या गावात करझू तळे गोठते आणि आइस हॉकी सुरू होते. हा खेळ लडाखी तरुणांनी लष्करी जवानांकडून उचलला आणि सुरुवातीला लष्करी बुटांना पाती बसवून तो खेळला गेला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या लडाख विंटर स्पोर्ट्स क्लबने त्याला आकार दिला.

मुलींनी त्यात आपली जागा झगडून मिळवली. २०१६ मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळायला तैपेईला गेला तो लोकवर्गणीच्या बळावर. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सवर ४-३ अशी मात करून त्यांनी पहिला विजय मिळवला. २०१८ च्या हिवाळ्यात चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली कॅनडाची हेली विकेनहायझर लडाखला येऊन मुलींबरोबर खेळली. २०२५ मध्ये अल ऐन इथल्या आशिया चषकात या संघाने कांस्यपदक पटकावले. बहुतांश लडाखी असलेल्या या संघाचा पाया गावोगावच्या तळ्यांवर रात्री पाणी मारणाऱ्या लोकांनी घातला आहे.

पातळ होत चाललेला बर्फ

या सगळ्यावर हवामानबदलाचे सावट आहे. २०२२-२३ च्या हंगामात रिडो कालवा इतिहासात पहिल्यांदाच एक दिवसही उघडला नाही. पुढच्या वर्षी उघडला तो जेमतेम दहा दिवस. नेदरलँड्समध्ये १९०९ पासून होणारी सुमारे २०० किलोमीटरची अकरा शहरांची स्केटिंग शर्यत १९९७ नंतर भरलेलीच नाही. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या भूगोल-अभ्यासकांनी २०१३ पासून 'रिंकवॉच' प्रकल्पाद्वारे लोकांच्या परसातल्या रिंकच्या नोंदी गोळा केल्या आहेत. कोणत्या दिवशी बर्फावर उभे राहता आले एवढी साधी नोंद मुलेही करू शकतात.

उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला, उरलेला बर्फ वाचवण्याचा. खोल पाण्यापेक्षा उथळ पाणी लवकर गोठते, म्हणून डच गावांतल्या आइस क्लबांप्रमाणे मैदानात थोडे पाणी सोडून रिंक करणे, झाडांच्या सावलीतून बर्फाची वाट काढणे, रिंकवर छप्पर घालणे. दुसरा अधिक महत्त्वाचा. बर्फ नसलेला हिवाळा हा बर्फाळ हिवाळ्यापेक्षा अधिक उदास असतो, चिखलाचा, पावसाचा आणि बर्फाच्या उजळपणाशिवायच्या काळोखाचा. तिथे दिवे, कोरडी वाट, आडोसा आणि शाळेची सुट्टी हेच कामी येते. म्हणून यांत घातलेला पैसा कोणत्याही हवामानात वाया जात नाही.

आधी काय?

आढाव्याच्या शेवटी क्रम लावायचाच तर मी असा लावेन. सर्वांत आधी पदपथ आणि दिवे, कारण त्यांचा लाभ तीन वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजींपर्यंत सगळ्यांना होतो. मग शाळेतली रोजची बाहेरची सुट्टी. मग साधने उसनी देणारे केंद्र. मग वस्तीची रिंक आणि तिच्या शेजारची उबदार खोली. उत्सव आणि भव्य प्रकल्प या सगळ्यांच्या नंतर. प्रत्येक पायरीवर एक जबाबदार माणूस नेमलेला हवा, पगारी असो वा स्वयंसेवक, आणि त्याच्या कामाला वर्षानुवर्षे टिकणारी तरतूद हवी. मैदान बांधायला एकदा पैसे लागतात, ते राखायला दर हिवाळ्यात लागतात, आणि शहरे अंदाजपत्रकातली नेमकी हीच दुसरी ओळ आधी कापतात.

महाराष्ट्रात हिवाळा हा खेळण्याचा सर्वांत सुखाचा ऋतू. नेमक्या त्याच दिवसांत आपली अनेक मैदाने प्रदर्शने, मेळावे आणि लग्नसमारंभांच्या मांडवांखाली जातात. ज्यांना उणे वीसमध्ये बर्फ झाडून मुलांना जागा करून देता येते, त्यांच्याकडून आपण एवढे तरी घ्यावे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदानाचा पहिला हक्क मुलांचा असेल, असा ठराव आपापल्या नगरपालिकेत मांडावा आणि तो पाळला जातो की नाही यावर वॉर्डातल्या नागरिकांनी लक्ष ठेवावे.